मॉन्युमेंट व्हॅली कठड्यावरून दिसत नाही

संपादक महोदय,

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आपल्याकडचे अनेक आईवडील ग्रँड कॅन्यनला जोडून मॉन्युमेंट व्हॅलीही गाठतात, आणि कठड्यावरून दोन फोटो काढून परततात. एवढ्या लांब जाऊन असं होऊ नये, म्हणून हे पत्र.

अ‍ॅरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवरचं, लाल खडकांच्या सुळक्यांचं हे ठिकाण राष्ट्रीय उद्यान नव्हे. नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीने १९५८ साली स्वतःच्या भूमीवर उभं केलेलं हे उद्यान आहे, नियमही त्यांचेच. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. माणशी वेगळं शुल्क भरावं लागतं. दारू, ड्रोन आणि सुळक्यांवर चढणं, तिन्हींना बंदी आहे.

सर्वांत जास्त फजिती घड्याळामुळे होते. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो प्रदेश करतो. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाहून येणाऱ्याचं घड्याळ इथे तासभर मागे पडतं आणि ठरवलेली जीप निघून गेलेली असते. मोबाइल तर टॉवर बदलला की वेळ बदलतो. नोंदणी करतानाच ‘ही नवाहो वेळ का?’ असं विचारून घ्यावं.

दरीतला १७ मैलांचा फेरा कच्चा आहे. सुरुवातीचा उतार खडबडीत, पुढे भुसभुशीत वाळू. बुटक्या गाडीची चाकं तिथे रुततात. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वगळलेला असतो, म्हणजे गाडी ओढून काढण्याचा खर्च आपल्याच माथी. त्यापेक्षा नवाहो वाटाड्याची जीप घ्यावी. फेऱ्यापलीकडच्या भागात त्यांच्याशिवाय जाताच येत नाही, आणि खरी दरी तिथेच आहे. ‘बिग होगन’च्या कमानीखाली तिरक्या खडकाला पाठ टेकून वर पाहावं: लाल छताला पडलेलं गोल भोक आणि त्यात निळं आभाळ. होगन म्हणजे नवाहोंचं पारंपरिक घर. त्याचं दार पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे असतं.

गुडघे साथ देत असतील तर वाइल्डकॅट पायवाट जरूर करावी. तिथे वाटाड्या लागत नाही. वेस्ट मिटन या सुळक्याला वळसा घालणारी ही वाट चारेक मैलांची आहे. वाटेत ना सावली ना पाणी, आणि परतताना वाळूतला चढ. माणशी दोन लिटर पाणी घेऊन सकाळी लवकर निघावं.

हातमोज्यासारखे दिसणारे ते दोन मिटन सुळके पहाटे नुसते काळे दिसतात, कारण उजेड त्यांच्या मागून येतो. मावळतीला तेच तांबडेलाल होतात. फोटो तेव्हाच काढावेत. घोडेस्वाराचा किंवा मागावर बसलेल्या आजींचा फोटो मात्र आधी विचारून, आणि पैसे हातात ठेवून.

— एक वाचक, नाशिक