कुत्रा बॉस व्हायला बघत नाही, तो घाबरलेला असतो

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पिटबुल, रॉटवायलर अशा जातीचे कुत्रे ठेवू द्यायचे की नाही यावर गोव्यात बरंच बोलून झालंय, पण घरातल्या कुत्र्याला आपण शिकवतो कसं हा विषय त्यात येतच नाही म्हणून हे लिहितोय. आमच्या फोंड्याकडे अजून बघायला मिळतं, भुंकला की चप्पल, घरात मुतला की नाक त्यात घासायचं, आणि आता तर व्हिडिओ बघून लोक कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरतात, का तर म्हणे त्याला कळलं पाहिजे घरात अल्फा, म्हणजे बॉस, कोण.

हे अल्फाचं खूळ बंदिस्त लांडग्यांवरून आलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली त्यांच्यावर लिहिलं आणि पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या पुस्तकातून ते जगभर गेलं. पण रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे कोणी मारामारी करून पुढारी होत नाही. आणि आपला कुत्रा तर लांडगाही नव्हे, हजारो वर्षं माणसाच्या दारात वाढलेली जात ती.

आता पोदेराचंच, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचंच, बघा. सकाळी सायकलचा हॉर्न वाजला की वाड्यावरचे अर्धे कुत्रे गेटवर धावतात आणि घरातून कोणीतरी काठी घेऊन. कुत्र्याच्या डोक्यात काय बसतं, हॉर्न वाजला की मार पडतो, म्हणजे तो पोदेर वाईटच! त्यापेक्षा हॉर्न लांब कोपऱ्यावर असतानाच, भुंकायच्या आधी, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तोंडात द्या (मीठ-मसाला नको, कांदा तर अजिबात नको, तो कुत्र्याला विषारी). रोज तसंच. हॉर्न वाजला की चिकन येतं हे बसलं की तो गेटकडे न धावता तुमच्याकडे वळून बघायला लागतो, मग त्याला चटईवर बसायला शिकवायचं, बसला की लगेच शाब्बास आणि तुकडा. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदात, उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही, जसं संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या मुताबद्दल मारलेलं कळत नाही तसं. याला वेळ लागतो, काही आठवडे जातात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवायला लागते, हे खरं कठीण काम.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे गुरगुरला म्हणून मारणं. गुरगुरणं म्हणजे लांब रहा असं तो सांगतोय. मारून ते बंद पाडलं तर भीती आत तशीच राहते, फक्त इशारा जातो, आणि मग एक दिवस घरातल्या पोराला चावतो आणि लोक म्हणतात काहीच कारण नसताना चावला.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० साली छापून आलाय, त्यात शिक्षा करणाऱ्या क्लासमधल्या कुत्र्यांत ट्रेनिंगच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) ही जास्त वाढलेलं मिळालं. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनतज्ज्ञ व्हेटांच्या (जनावरांच्या डॉक्टरांच्या) संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं की सगळ्या कुत्र्यांना, चावऱ्या कुत्र्यांनासुद्धा, बक्षिसाच्या पद्धतीनंच शिकवा. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं आणि आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, त्याला कोण भिणार.

चवथीचे (गणेश चतुर्थीचे) फटाके आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचे स्पीकर यांनी खाटेखाली जाऊन थरथरणाऱ्या कुत्र्याला तर कृपा करून ओरडू नका. जवळ घेतलं तर भीती वाढते असं सांगतात ते खरं नाही, जवळ घ्या, आतल्या खोलीत ठेवा, फारच घाबरत असेल तर आधीच व्हेटकडून औषध घ्या. फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज अगदी हळू लावून सोबत खाऊ द्यायची सवय मात्र महिना-दोन महिने आधी सुरू करायला लागते, आदल्या दिवशी उपयोग नाही.

माझी मागणी एवढीच की रेबीजच्या लसीसाठी पंचायतीत कॅम्प लागतो, माणसं कुत्रे घेऊन रांगेत उभी असतात, तिथेच व्हेट डॉक्टरांनी दहा मिनिटं हे दाखवावं, आणि आपल्या पेपरानं चवथीच्या महिनाभर आधी एखाद्या व्हेटकडून यावर लिहून घ्यावं.

आपला,
एक वाचक, फोंडा