जारला उकळता सोडा नको

मा. संपादक,

पाण्याच्या जारवरून आपल्या पत्रसदरात जुंपली आहे. एकाने सगळं प्लास्टिक विष ठरवलं, दुसऱ्याने सीलबंद जार डोळे मिटून प्या म्हणून सांगितलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर माझी हयात गेली, म्हणून लिहितो.

वीस लिटरच्या जारचं बूड उलटं करून पाहा. त्रिकोणात १ असेल तर तो पेट (PET) प्लास्टिकचा, म्हणजे मागावर चढणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याचा सख्खा भाऊ. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकोल तापवून त्यातलं पाणी काढायचं, मग २८० अंशांच्या आसपास निर्वातात जादा ग्लायकोल ओढून घेत रेणूंची साखळी लांबवायची. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडात शोधलेला धागा तो हाच. ७ म्हणजे 'इतर', पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक त्यातच येतं. ते बिस्फेनॉल-ए हे रसायन आणि फॉस्जीन हा विषारी वायू यांपासून करतात. भोपाळच्या कारखान्यातही हाच वायू वापरात होता. अलीकडे फॉस्जीन टाळून, डायफेनिल कार्बोनेट वितळवूनही करतात. तयार जारमध्ये फॉस्जीन शोधायला जाऊ नये, तो उरत नाही.

खरी गोम पुढे आहे. ही दोन्ही प्लास्टिकं जशी जोडली जातात तशीच उसवतातही. त्यांना पाणी, उष्णता आणि त्यात कॉस्टिक सोडा मिळायचा अवकाश. म्हणून तर पॉलिकार्बोनेटचा कच्चा दाणा मशीनमध्ये घालायला आम्ही १२० अंशांवर तीन-चार तास वाळवल्याशिवाय घेत नाही. ओला दाणा गेला की मालावर चंदेरी रेघा उठतात आणि नग टाचेखाली काडकन फुटतो.

आणि आमच्या भागातला एक पुरवठादार हेच जार वाफाळत्या पाण्यात कॉस्टिक टाकून धुतो! पेटचा जार असता तर तिथंच वाकडा झाला असता. पॉलिकार्बोनेट आकार सोडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं काही झालं नाही. पण आतून ते झिजतं आणि बिस्फेनॉल-ए सुटं होऊन पाण्यात उतरतं. शरीरात ते संप्रेरकासारखं वागतं. बाळाच्या दूधबाटलीसाठी आपल्याकडे पॉलिकार्बोनेटला मनाई आहे ती उगाच नाही.

जार कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत आणि भरपूर पाण्याने खळबळावेत, एवढं पुरवठादारांनी करावं. लग्नसराईत जार उतरवून घेताना आत पांढुरकी जाळी किंवा बारीक तडे दिसले, तर तो जार गाडीतच राहू द्या. बदलून देत नसेल तर डिपॉझिट मागा.

आपला,
एक मोल्डिंग कारागीर, अनगोळ, बेळगाव