पाळी गेल्यानंतरची जळजळ ‘उष्णतेची’ नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रजोनिवृत्तीविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आता बरेच छापून येते. अंगातून वाफा निघणे, रात्रीचा घाम, चिडचिड, उडालेली झोप, ठिसूळ हाडे, सगळे येते. योनीमार्गाचा कोरडेपणा आणि तिथली जळजळ मात्र एका ओळीत आटोपली जाते, नाहीतर गाळलीच जाते. अंगातल्या वाफा बहुतेक बायकांच्या काही वर्षांत आपसूक कमी होतात. कोरडेपणाचे तसे नाही. उपचार केला नाही तर तो राहतो आणि बहुधा वाढत जातो. त्यावरचा उपचार साधा आहे, तरी आपल्याकडे बायका वर्षानुवर्षे तो सोसत राहतात. म्हणून हे पत्र थोडे मोकळेपणाने लिहीत आहोत.

आधी हे होते का ते सांगतो. योनीची आतली त्वचा जाड, घड्यांची आणि ओलसर राहते ती इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे. त्या त्वचेच्या पेशींत ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीचा सामू (पीएच) ३.८ ते ४.५ असा आम्लधर्मी राहतो व वाईट जंतूंना थारा मिळत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरते. त्वचा पातळ होते, घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा घटतो, उपकारक जंतू कमी होतात आणि सामू ५ च्या वर जातो. लघवीच्या नळीचा आणि मूत्राशयाच्या तोंडाचा भागही याच संप्रेरकावर पोसलेला असतो. म्हणून कोरडेपणाच्या जोडीला लघवीला जळणे, वारंवार जावे लागणे, एकदम घाई होणे ही लक्षणेही येतात. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली असतील तर हे सारे चाळिशीतही, आणि अचानक, सुरू होऊ शकते.

गोव्यात अशी तक्रार घरी सांगितली की पहिले उत्तर मिळते, ‘उष्णता झाली’. मग कोकम सरबत, धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नाचणीची आंबील. हे पिण्यात गैर काही नाही. भरपूर द्रव पोटात गेला की लघवी पातळ होते आणि पातळ लघवी कमी झोंबते, त्यामुळे दोन दिवस बरे वाटते. त्या बरे वाटण्यानेच निदान लांबते. पातळ झालेली त्वचा सरबताने जाड होत नाही.

दुसरा थांबा फार्मसीचा. काउंटरवर आजूबाजूला चार माणसे उभी असतात, बाई हळू आवाजात ‘खाली जळजळते’ एवढेच म्हणते आणि तिच्या हातात चार गोळ्यांचे ‘किट’ येते. त्यात फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोलच्या दोन गोळ्या असतात. ही औषधे बुरशी आणि लैंगिक संसर्ग यांच्यासाठी आहेत. पाळी गेलेल्या, मधुमेह नसलेल्या आणि संप्रेरके न घेणाऱ्या बाईला बुरशीचा संसर्ग तुलनेने कमी होतो. तिची जळजळ बहुधा कोरडेपणाची असते आणि किटने ती जात नाही. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमे. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून बायका ती महिनोन् महिने लावतात. जिथली त्वचा आधीच पातळ झाली आहे तिथे स्टेरॉइड ती आणखी पातळ करते. तपासून निदान झाल्याशिवाय असे मलम तिथे लावू नये.

लघवीच्या बाबतीतही तीच गत. जळते म्हणून दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स होतो, पण लघवीचा कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, कोणी करत नाही. कल्चर कोरा आला तर दुखणे जंतूचे नाही, कोरडेपणाचे असण्याची शक्यता मोठी. आणि सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा खरोखरच संसर्ग सापडला, तरी मूळ कारण तेच असू शकते. अशा बायकांत योनीमार्गातून दिलेल्या इस्ट्रोजेनने पुन्हा पुन्हा होणारे संसर्ग कमी होतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे.

मधुमेहाच्या रुग्णांनी एक गोष्ट जरूर पाहावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे तिथे खरोखर बुरशी वाढू शकते. खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव या गोळ्या सुरू झाल्यानंतर आला असेल तर डॉक्टरांना गोळीचे नाव सांगावे. स्वतःहून गोळी बंद करू नये.

आता घरी काय करायचे ते. धुण्यासाठी साधे कोमट पाणी पुरते, तेही बाहेरूनच. साबण, डेटॉल, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’, तुरटीचे पाणी, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, लिंबू यांपैकी काहीही तिथे नको, आणि आत पाण्याचा फवारा तर मुळीच नको. जळजळ म्हणजे घाण, असे समजून दिवसातून चार वेळा धुणाऱ्या बायका स्वतःचाच त्रास वाढवतात. थेंब गळतात म्हणून दिवसभर पॅड किंवा लायनर लावून ठेवले तर ते घासते. लावायचेच तर बिनवासाचे, आणि ओले होताच बदलावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मासळीच्या पाटीवर दिवसभर बसणाऱ्या बायका शौचालयाची सोय नसल्यामुळे पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्यांना हा त्रास दुप्पट होतो आणि तो केवळ औषधाने सुटणारा नाही. बाजारात स्वच्छ शौचालय हाही या दुखण्यावरचा इलाज आहे. पावसाळ्यात आतले कपडे दमट राहतात. ते सुती असावेत, इस्त्री फिरवून पूर्ण सुकवावेत आणि धुताना सुगंधी सॉफ्टनर टाळावा.

खोबरेल प्रत्येक घरात असते, म्हणून त्याबद्दल वेगळे सांगावे लागते. बाहेरच्या त्वचेवर शुद्ध खोबरेलाचा पातळ थर लावायला हरकत नाही, लघवीचा झोंब त्याने कमी होतो. पण ते योनीच्या त्वचेला पुन्हा जाड करत नाही, आणि लॅटेक्सचा निरोध वापरत असाल तर कोणत्याही तेलाने तो फाटू शकतो. पाळी पूर्ण थांबून वर्ष झाले नसेल तर गर्भ राहू शकतो, हे इथे विसरू नये.

फार्मसीत दोन वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची कायम गल्लत होते. एक मॉइश्चरायझर, म्हणजे हायल्युरोनिक आम्ल किंवा पॉलिकार्बोफिल असलेले जेल. ते संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीन वेळा रात्री आत लावायचे असते. दुसरे ल्युब्रिकंट. ते फक्त संबंधाच्या वेळी, अर्धा ते एक चमचा, योनीच्या तोंडाशी आणि जोडीदारालाही लावायचे. पाण्यावर आधारलेले ल्युब्रिकंट थोड्या वेळाने सुकते, तेव्हा पुन्हा लावावे; सिलिकॉनचे जास्त टिकते. विकत घेताना डबीमागचे घटक वाचावेत. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त असेल तर ते जेल पेशींतले पाणी ओढून घेते आणि उलट आग होते. सुगंध, चव, ‘वॉर्मिंग’ असे लिहिलेले तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने अशा जेलची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे पाणी ओढून घेण्याची ताकद, १२०० च्या आत असावी आणि शक्यतो ३८० पेक्षा जास्त नसावी असे सुचवले आहे. नुसती ‘जेली’ मागितली तर काही वेळा लिग्नोकेनची जेली हातात येते. ती बधिर करते, ओलावा देत नाही, आणि बधिर जागी चीर पडली तरी कळत नाही.

एवढ्याने भागले नाही, आणि अनेकींचे भागत नाही, तर खरा उपचार म्हणजे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन तिथल्या तिथे लावणे. आपल्याकडे इस्ट्रिऑल या प्रकारच्या इस्ट्रोजेनचे क्रीम मिळते. एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध असते. नेहमीची मात्रा अर्धा ग्रॅम. पहिले दोन आठवडे रोज रात्री, त्यानंतर आठवड्यातून दोनदा. ज्या घरात सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असते, तिथे लक्षात ठेवायला हेच दोन वार सोपे. १५ ग्रॅमची ट्यूब असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत ७ ग्रॅम जातात आणि उरलेले ८ ग्रॅम आठ आठवडे पुरतात. ट्यूब तीन आठवड्यांत संपली तर मात्रा चुकते आहे, आणि वर्षभर पुरली तर ती लावलीच जात नाही.

लावण्याची पद्धत डॉक्टरांनी दाखवायला हवी, पण घाईत ती राहून जाते. रात्री झोपण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठीवर पडून गुडघे दुमडावेत. अॅप्लिकेटरवर अर्ध्या ग्रॅमची खूण असते, तिथपर्यंतच भरावे. काही अॅप्लिकेटर पूर्ण भरले तर कितीतरी जास्त क्रीम आत जाते. तो चार-पाच सेंटिमीटर आत घालून दट्ट्या दाबावा; अगदी खोलवर सारण्याची गरज नाही. अॅप्लिकेटर टोचत असेल तर बोटाने लावावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. त्यातले बरेचसे आत, आणि थोडे तोंडाशी, लघवीच्या छिद्राच्या खालच्या बाजूला. जास्तीत जास्त जळजळ तिथेच असते आणि नेमका तोच भाग सुटतो. अॅप्लिकेटर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, उकळू नये. संबंधाच्या ऐन वेळी हे क्रीम ल्युब्रिकंट म्हणून लावू नये, ते नवऱ्याच्या अंगात जाईल.

पहिल्या आठवड्यात क्रीम थोडे झोंबते. औषध मानवत नाही असे समजून बऱ्याच जणी इथेच थांबतात. झोंबते ते त्वचा पातळ आणि चिरलेली असते म्हणून, आणि ती भरत जाते तसे ते कमी होते. फारच आग झाली तर योनीत ठेवायच्या गोळीचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून बंद केले की काही महिन्यांत तक्रार परत येते. जितके दिवस आराम हवा तितके दिवस ते चालू ठेवता येते, वर्षातून एकदा तपासणी करावी.

खोक्यातला कागद वाचून मात्र घाबरगुंडी उडते. पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, सगळे त्यावर असते. हे इशारे मुख्यतः २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आले. त्यात बायका तोंडाने संप्रेरकाच्या गोळ्या रोज घेत होत्या. योनीतल्या औषधाचे प्रमाण किती कमी आहे ते गणिताने पाहा. एस्ट्राडिऑल या दुसऱ्या प्रकारच्या इस्ट्रोजेनची १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची गोळी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, अशी वर्षभर वापरली तर सगळी मिळून सुमारे १.१४ मिलिग्रॅम होते. तोंडाने घ्यायच्या गोळीत एका दिवसाला साधारण तेवढेच असते. त्यामुळे कमी मात्रेच्या स्थानिक उपचारात रक्तातली पातळी पाळी गेल्यानंतरच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते, आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ नये म्हणून सहसा दुसरी गोळी द्यावी लागत नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांनी मात्र, विशेषतः लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या चालू असताना, आधी मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट वापरावे, आणि इस्ट्रोजेनचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

कित्येकदा क्रीमने त्वचा सुधारते, तरी संबंध दुखतोच. वर्षानुवर्षे दुखल्यामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळून बसतात. त्यासाठी फिजिओथेरपी आणि हळूहळू मोठे होत जाणारे डायलेटर (योनीमार्ग सैल करण्यासाठी आत ठेवायच्या गुळगुळीत कांड्या) उपयोगी पडतात. नवऱ्याने हे समजून घ्यायला हवे. तिला नको झाले आहे असे नाही, तिला दुखते आहे.

योनीला लेझर देऊन ‘तारुण्य परत’ अशा जाहिरातींवर पैसे घालू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता.

काही लक्षणांत घरगुती प्रयोग किंवा वाट पाहणे चालत नाही. पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहावी लागते; ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासतात. बाहेरची त्वचा कागदासारखी पांढरी, रात्री असह्य खाज, हा वेगळा आजार आहे, आणि त्यात स्टेरॉइडचे मलमच लागते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. न भरणारी जखम, गाठ, दुर्गंधी असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), जे जवळ पडेल तिथे.

आरोग्य खात्याला आमची विनंती एवढीच. आरोग्य केंद्रात पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईचा रक्तदाब आणि साखर तपासताना नर्सने ‘खाली कोरडे वाटते का, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी जळते का’ हा प्रश्न पडद्याआड विचारावा, उत्तर केसपेपरवर लिहावे, आणि केंद्राच्या औषधखिडकीवर इस्ट्रिऑलचे क्रीम ठेवावे. १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन. या वर्षी त्या दिवसापासून एवढे सुरू करता येईल.

आपले,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक फार्मासिस्ट, फोंडा