डेक्सा कधी कमी करायची, हे चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टेरॉईडच्या दुष्परिणामांवर सध्या बरेच छापून येते, मोबाइलवर तर रोज फिरते. त्यातले बरेचसे खरेही असते. पण मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाच्या घरी ते वाचले गेले की सगळ्यात आधी बंद होते ती डेक्सामिथाझोन या स्टेरॉईडची, म्हणजे डेक्साची, गोळी. सोलापूरच्या पूर्व भागात माझे औषधांचे दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा उरलेल्या स्ट्रिपा परत करायला आला. "काका, किडनी जाते म्हणं यानं. बंद करून टाकलो की." आठवडा सरायच्या आत वडिलांना उलट्या सुरू झाल्या, बीपी उतरले आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागला.

ही गोळी गाठ बरी करत नाही, हे खरे आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांतून पाझरलेले पाणी भोवतीच्या मेंदूत साठते, आणि कवटी तर ताणत नाही. मग सकाळी उठल्याउठल्या डोके ठणकते, ओकारी येते, एक हात ढिला पडतो. डेक्साने ती गळती कमी होते आणि पुष्कळदा दोन-तीन दिवसांत माणूस पुन्हा आपल्या हाताने भाकरी मोडून खातो. १९६१ साली मिनेसोटातल्या डॉक्टरांनी हा उपयोग दाखवला, तेव्हापासून या कामाला हेच स्टेरॉईड पहिले निवडले जाते. इतर स्टेरॉईडच्या मानाने ते अंगात मीठ-पाणी फारसे धरून ठेवत नाही आणि त्याचा असर दीड दिवसाहून जास्त टिकतो. डेक्सा संपली म्हणून घरातली प्रेडनिसोलोन "तेही स्टेरॉईडच की" म्हणत देणारेही भेटतात. पाऊण मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, हे त्यांना कोण सांगणार?

माझी तक्रार चिठ्ठीबद्दल आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर कितीदा तरी 'डेक्सा १-०-१', म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक, एवढेच असते. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते आणि चारचीही, म्हणजे फरक आठपट. रात्रीच्या गोळीने झोप उडते. रुग्ण घरभर येरझाऱ्या घालतो आणि घरच्यांना वाटते, गाठ वाढली. दुसरी गोळी दुपारी दोनच्या आत दिली तर पुष्कळांचा हा त्रास कमी होतो. शिवाय किती दिवसांनी किती कमी करायची, याचा पत्ता नसतो. काही आठवडे गोळी चालली की शरीर स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉईड, कॉर्टिसोल, बनवायचे आळसावते. म्हणून ती एकदम थांबवता येत नाही, पायरीपायरीने उतरवावी लागते.

उलट टोकही पाहतो. अक्कलकोटकडच्या एक आजी तीच जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या नेत होत्या. आमच्याकडे नाही, निरनिराळ्या दुकानांतून. तोंड सुजले, साखर तीनशेच्या वर गेली, आणि खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठता येईना. मांड्यांची ती कमजोरी गाठीची नव्हती, गोळीची होती. मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर १९९४ साली नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला. मेंदू दाबला जाण्याचा तातडीचा धोका नसेल, तर रोज ४ मिलिग्रॅमने आठवड्याअखेर १६ मिलिग्रॅमइतकाच फरक पडला, असे त्यात दिसले. जास्त डोस म्हणजे जास्त गुण, असे नाही.

जाता जाता: अपघातात डोक्याला मार लागला तरी "सूज आहे, स्टेरॉईड द्या" असा आग्रह नातेवाईक धरतात. तिथे उलट घडते. दहा हजारांवर जखमींवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रॅश' चाचणीत स्टेरॉईड दिलेल्यांतच मृत्यू जास्त झाले.

शहरातल्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच, की डिस्चार्ज कार्डावर गोळी किती मिलिग्रॅमची, कोणत्या तारखेपासून किती, साखर कधी तपासायची आणि उलटी किंवा ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे मराठीत लिहावे. आमच्या भागात तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्यांसाठी कन्नडमध्ये लिहिले तर फारच उत्तम. तारखा घातलेला कागद समोर आला, तर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मागणाऱ्याला आम्हा दुकानदारांनाही परत पाठवता येईल.

आपला,
एक औषधविक्रेता, सोलापूर