तो ठोकळा नव्हता, विन्या

सॅन अँटोनिओ, टेक्सस
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

तुझ्या ताईची वरात आठवते? बँडवाल्यांनी चौकात 'कम सप्टेंबर' धरलं आणि आपण दोघं घाम निथळेपर्यंत नाचलो होतो. ती धून इंग्रजी सिनेमातली आहे हे आपल्या गावीही नव्हतं. प्रत्येक वरातीत वाजते म्हणजे आपलीच असणार, एवढंच ठाऊक. सिनेमा १९६१चा, धून बॉबी डॅरिनची आणि नायक रॉक हडसन. त्याच्यासाठीच आज लिहायला बसलोय. गेल्या सोमवारी, १७ तारखेला, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली.

कॉलेजात त्याच्यावरून आपलं किती वाजलं होतं! मी त्याला ठोकळा म्हणायचो. उंच, रुंद खांद्यांचा, राजबिंडा. कॅमेऱ्यापुढे नुसता उभा राहिला तरी पैसे मिळतील असा. तू म्हणायचास, "चेहऱ्याच्या मागे बघ की जरा." मी बघितलं नाही. आता मुलीकडे आल्यापासून रोज रात्री त्याचा एकेक सिनेमा बघतोय. चाळीस वर्षांनी कबूल करतो, तू बरोबर होतास.

तो शिकागोजवळच्या विनेट्कात जन्मला, नाव रॉय शेरर. मंदीच्या दिवसांत बाप घर सोडून गेला. पोरगा युद्धात नौदलात होता, नंतर लॉस एंजेलिसला ट्रक चालवत होता. तिथे हेन्री विल्सन नावाच्या एजंटाला तो सापडला. या माणसाचा धंदाच देखणी पोरं शोधून त्यांना नवी नावं द्यायचा. जिब्राल्टरचा खडक आणि हडसन नदी जोडून त्याने हे नाव बनवलं. दात बसवून घेतले. युनिव्हर्सल स्टुडिओने करारावर घेऊन अभिनय, गाणं, नाच, तलवारबाजी, घोडेस्वारी सगळं शिकवलं. १९४८च्या पहिल्या सिनेमात एका वाक्यासाठी ३८ टेक लागले असं सांगतात. मी ही गोष्ट तुला हिणवायला वापरायचो. आता वाटतं, इतक्यांदा चुकूनही तो दुसऱ्या दिवशी परत सेटवर आला, हे मला तेव्हा का दिसलं नाही?

पुढची पाच-सहा वर्षं छोट्या छोट्या कामांत गेली. १९५४ साली डग्लस सर्कच्या 'मॅग्निफिसन्ट ऑब्सेशन'ने तो स्टार झाला. सर्क मूळचा जर्मनीतला नाटकवाला. त्याला या पोराच्या शांतपणात काहीतरी दिसलं होतं. पुढच्याच वर्षीचा 'ऑल दॅट हेवन अलाउज' तू जरूर बघ. एका विधवेचं तिच्या बागेची झाडं छाटायला येणाऱ्या तरुणावर प्रेम बसतं आणि गाव नावं ठेवतं. मुलांसाठी ती त्याचा नाद सोडते, आणि मुलं तिला ख्रिसमसला टीव्ही आणून देतात, सोबतीला! त्या बंद पडद्यावर तिला स्वतःचा चेहरा दिसतो. हडसन त्या दृश्यात नाहीच, तरी त्याची उणीव साऱ्या खोलीभर जाणवते. जो माणूस पडद्यावर नसताना आठवत राहतो त्याला ठोकळा कसं म्हणायचं?

गेल्या महिन्यात जावईबापूंनी आम्हाला मार्फाला नेलं. इथून पश्चिमेला सहाशे किलोमीटरच्या वर, सगळा रखरखाट. १९५५च्या उन्हाळ्यात 'जायंट'चं बाहेरचं चित्रीकरण तिथे झालं. एलिझाबेथ टेलर, जेम्स डीन आणि हडसन. पायसानो हॉटेलात त्या दिवसांच्या खुणा अजून जपल्यात. सिनेमातल्या त्या भल्यामोठ्या घराचा नुसता दर्शनी भाग उभारला होता, तोही हॉलिवूडमध्ये बनवून रेल्वेने आणलेला. चित्रीकरण संपलं, भिंती तिथेच राहिल्या आणि वाऱ्यापावसात झडल्या. उरले ते लाकडी खांब. पाठीमागे खोली नसलेलं घर! मी बराच वेळ बघत उभा होतो. हिला वाटलं ऊन लागलं.

डीन चित्रीकरण पुरतं संपायच्या आत गाडीच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा. त्यामुळे 'जायंट' म्हटलं की लोक डीनबद्दलच बोलतात. मीही तेच करायचो. पण सव्वातीन तासांचा तो सिनेमा हडसन खांद्यावर नेतो. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, आणि त्यात तो नवरा होतो, बाप होतो, केस पिकलेला आजोबा होतो. केसांना पांढरा रंग फासून म्हातारा होता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? त्याने चाल बदललीय. बसताना शरीराचा भार सोडतो, बोलायच्या आधी क्षणभर थांबतो. शेवटाकडे रस्त्याकडेच्या खानावळीत मालक एका मेक्सिकन कुटुंबाला हाकलू लागतो. हडसनची सूनही मेक्सिकन, तिचं सावळं पोर शेजारी बसलेलं. जन्मभर त्या लोकांना कमी लेखलेला हा जमीनदार उठतो आणि मालकाशी भिडतो. आणि हरतो! मार खाऊन थाळ्याबश्यांत कोसळतो. इतका देखणा, धिप्पाड नायक पडद्यावर असा आपटलेला तेव्हा किती लोकांनी बघितला असेल? त्या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, आयुष्यातलं एकमेव.

आणि मग नटी डोरिस डेबरोबरचे विनोदी सिनेमे. १९५९चा 'पिलो टॉक' धो धो चालला. मला ते आवडतात, त्यातली त्याची सहजता फार अवघड आहे. पण स्टुडिओला मग त्याच्याकडून तेवढंच हवं झालं.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय तो सिनेमा. 'सेकंड्स', १९६६, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. न्यूयॉर्कचा एक उतारवयाचा बँकवाला, संसाराला कंटाळलेला. एक गुप्त कंपनी त्याचा खोटा मृत्यू घडवते, शस्त्रक्रिया करून नवा चेहरा देते, नवं नाव देते, मालिबूच्या किनाऱ्यावर चित्रकार म्हणून बसवते. पट्ट्या सुटतात आणि आरशात रॉक हडसन! सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो तेव्हा. ज्या माणसाला खरोखरच कुणीतरी नवं नाव, नवे दात, नवं चरित्र देऊन उभं केलं होतं, तोच हे करतोय. पुढे एका दृश्यात तो परका पाहुणा बनून आपल्याच बायकोकडे जातो. ती त्याला मेलेल्या नवऱ्याबद्दल सांगते, की तो घरात असूनही फार दूर असायचा. हडसन फक्त ऐकतो. विन्या, त्या ऐकण्यात काय नाही! मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन बघितलं.

कान महोत्सवात त्या सिनेमाची हुर्यो झाली, तिकीटबारीवरही तो पडला. हडसनच्या चाहत्यांना तो नको होता आणि ज्यांना असा सिनेमा हवा होता ते हडसनचं नाव वाचून फिरकले नाहीत. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'सेकंड्स'ची निवड झाली, हडसनला जाऊन तीस वर्षं झाल्यावर.

मग टीव्ही. त्या पिढीत जेम्स गार्नर, क्लिंट ईस्टवुड टीव्हीच्या पायरीवरून सिनेमात चढले. हडसन उलट्या दिशेने गेला. १९७१ ते १९७७ 'मॅकमिलन अँड वाइफ'मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस कमिशनर होता, 'कोलंबो' या दुसऱ्या पोलिसी मालिकेबरोबर आलटून पालटून लागायची ती. लोकांना आवडली. थोडे भाग बघितले, नीटस आहेत, पण त्याला त्यात करण्यासारखं फारसं नाही.

आणि १९८५. जुलैत तो पॅरिसमध्ये कोसळला आणि त्याला एड्स असल्याचं जगाला कळलं. तो समलिंगी होता, हे उभ्या कारकिर्दीत झाकून ठेवावं लागलं होतं. १९५५ साली विल्सनच्याच सेक्रेटरीशी लग्न झालं, तेही तीन वर्षांत मोडलं. २ ऑक्टोबरला तो गेला, साठही पुरी नव्हती. जाण्याआधी त्याने एड्सच्या संशोधनाला अडीच लाख डॉलर दिले आणि एलिझाबेथ टेलर, 'जायंट'मधली त्याची बायको, पुढची कित्येक वर्षं या रोगाच्या संशोधनासाठी पैसे गोळा करत हिंडली.

बातमी पेपरात आली त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मी ते इथे लिहीत नाही. सगळे हसले, तू उठून गेलास. दुसऱ्या दिवशी तू एक शब्द काढला नाहीस, आणि मीही नाही. त्या बोलण्याची मला लाज वाटते, विन्या. मरणाच्या दारातल्या माणसावर मी हसलो होतो.

अजून एक राहिलंय. आपल्या शेवटच्या वर्षीच्या नाटकात तुला म्हातारा करायचा होता. पंधरा दिवस तू काठी घेऊन वर-खाली जिने चढलास, आजोबांची चाल उचललीस. मी दिग्दर्शक. मी म्हटलं, "एवढा चेहरा पांढऱ्या मिशीखाली घालवायचा का?" आणि तुला प्रियकर दिला. पहिल्या रांगेतल्या पोरी खूश झाल्या, बक्षीस म्हाताऱ्याच्या कामाला मिळालं. त्यानंतर तू रंगमंचावर पाऊल ठेवलं नाहीस. कारण मी कधी विचारलं नाही. खानावळीत कोसळलेला तो म्हातारा बघताना मला सारखी तुझी चाल आठवत होती. ती भूमिका तुझी होती. मी चुकलो.

जानेवारीत परत येतोय. 'सेकंड्स' पेनड्राइव्हवर घेऊन येईन, तोवर दुसरीकडे बघू नकोस. सोबत मार्फाच्या खांबांचा फोटो पाठवतोय. उजव्या कोपऱ्यात जो बारीक दिसतोय तो मी.

वहिनींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझाच,
शऱ्या