हक्क तुमच्याकडे होता का? सौंदर्यस्पर्धेच्या आयोजक कंपनीला सांगलीहून तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(कंपनीचे नाव येथे गाळले आहे)
मुंबई

विषय : आंतरराष्ट्रीय स्पर्धांची नावे दाखवून घेतलेले शुल्क परत मिळणे, मुलीचे छायाचित्र जाहिरातीतून काढणे आणि करारातून तिला मोकळे करणे याबाबत.

महोदय,

आपल्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेत माझी मुलगी तिसरी आली. निकालाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पहिल्या आलेल्या मुलीला मी तयारीच्या दिवसांत जवळून पाहिले आहे, मुकुट तिलाच मिळायला हवा होता. माझी तक्रार आहे ती ऑडिशनच्या वेळी तुम्ही आम्हाला जे सांगितले आणि निकालानंतर जे केले, त्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलात तुमची ऑडिशन झाली. दारातल्या फलकावर तीन आंतरराष्ट्रीय स्पर्धांची बोधचिन्हे होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की पहिल्या तीन विजेत्या या स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व करतील. तोच मजकूर तुमच्या इन्स्टाग्रामवर होता, त्याचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. नोंदणीचे २,५०० रुपये घेतलेत. निवड झाल्यावर ग्रूमिंगचे, म्हणजे मंचावर चालण्या-बोलण्याच्या प्रशिक्षणाचे ४५,००० रुपये मागितलेत, आणि ग्रूमिंग केले नाही तर निवड रद्द होईल असेही सांगितलेत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरून ५६,०५० रुपये आम्ही भरले. मी माध्यमिक शाळेत शिकवते. यातले बरेचसे पैसे मी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढून उभे केले, कारण फलकावर जे लिहिले होते त्यावर मी विश्वास ठेवला.

अंतिम फेरीनंतर बरेच महिने तुमच्याकडून काहीच कळले नाही. मग एक दिवस फोन आला की परदेशात एक स्पर्धा आहे, मुलीचे नाव पाठवतो, पण प्रवेश शुल्क, विमानाचे तिकीट, व्हिसा आणि कपडे मिळून साडेतीन लाखांची सोय तुम्ही करा, नाहीतर स्पॉन्सर शोधा. ती स्पर्धा फलकावरच्या तिन्हींपैकी एकही नव्हती. फलकावरच्या स्पर्धांचे काय झाले, असे मी विचारले तेव्हा "तो मॅनेजमेंटचा निर्णय आहे" एवढेच उत्तर मिळाले. मी ईमेलवर तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याला उत्तर नाही.

त्यानंतर मी स्वतः माहिती काढायला बसले. या स्पर्धांची व्यवस्था कशी चालते ते आम्हा पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. आंतरराष्ट्रीय संस्था प्रत्येक देशात आपली मुलगी निवडण्याचा हक्क एखाद्या आयोजकाला देते. हा हक्क कायमचा नसतो, तो हात बदलतो. मिस युनिव्हर्सला भारतातून मुलगी पाठवण्याचे काम पूर्वी फेमिना मिस इंडियाकडे होते. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि २००० मध्ये लारा दत्ता तिथूनच गेल्या. २०१० ते २०१२ ही तीन वर्षे ते 'आय ॲम शी' या स्पर्धेकडे होते आणि तिच्यामागे स्वतः सुश्मिता सेन होत्या. २०१३ पासून ते 'मिस दिवा' या स्पर्धेकडे आले, २०२१ ची विजेती हरनाझ संधू तिथलीच. २०२४ पासून ते पुन्हा दुसऱ्या आयोजकांकडे गेले आहे. मिस वर्ल्डची वाट आजही फेमिना मिस इंडियातून जाते. हे सगळे वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे, यात गुपित काही नाही. मग माझा साधा प्रश्न असा आहे की ज्या दिवशी तुम्ही सांगलीत पैसे घेतलेत त्या दिवशी फलकावरच्या तीनपैकी कोणत्या स्पर्धेचा हक्क तुमच्याकडे लेखी होता? एकाचा होता, दोघांचा होता की एकाचाही नव्हता? हक्क मध्येच गेला असेल तर तो कधी गेला, आणि गेल्यानंतरही ग्रूमिंगचा हप्ता का घेतलात?

हे मी एवढ्या तळमळीने का विचारते आहे तेही सांगते. माझ्या मुलीने तो फलक खरा मानून तयारी केली. मिस वर्ल्डमध्ये 'ब्यूटी विथ अ पर्पज' नावाचा भाग असतो, त्यात प्रत्येक मुलीला समाजोपयोगी काम दाखवावे लागते. २०१७ मध्ये जिंकलेल्या मानुषी छिल्लरने मासिक पाळीतल्या स्वच्छतेवर काम केले होते. ते वाचून माझ्या मुलीला ऑगस्ट २०१९ चा पूर आठवला. कृष्णेचे पाणी गावात शिरले तेव्हा शाळा-शाळांतून निवारा केंद्रे उभी राहिली. आमच्या शाळेतही होते. धान्य आले, चादरी आल्या, पण बायकांना पॅड कुणाकडे मागायचे हे कळत नव्हते, आणि शौचालयाबाहेर रांगेत पुरुषही उभे असत. तेव्हा ती शाळेत शिकत होती आणि माझ्याबरोबर तिथे मदतीला यायची. पुराआधीच निवारा केंद्रांत काय काय भरून ठेवायला हवे याची तिने नदीकाठच्या गावांतल्या बायकांशी बोलून यादी केली, गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांना भेटली, ग्रामपंचायतींना पत्रे दिली. कॉलेज सांभाळून हे सगळे केले. तुमच्या ग्रूमिंगमध्ये तिला सांगण्यात आले की पुराबद्दल बोलू नकोस, निगेटिव्ह वाटते. मला याचे फार वाईट वाटले. १९९२ मध्ये मधू सप्रेला मिस युनिव्हर्सच्या मंचावर विचारले होते की देशाची नेता झालीस तर काय करशील. तिने क्रीडांगण बांधीन असे सांगितले, आणि ती तिसरी आली. त्या उत्तराला अनेकांनी नावे ठेवली. पण ती खेळाडू होती, ते उत्तर तिच्या जगण्यातून आले होते. सांगलीच्या मुलीने पुराबद्दल बोलायचे नाही तर कशाबद्दल बोलायचे?

पोशाखाचेही तसेच. राष्ट्रीय पोशाखाच्या फेरीसाठी तिने विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवर' नाटकावरून कल्पना काढली होती. मराठी रंगभूमी जिथे उभी राहिली त्या गावची मुलगी म्हणून तिला ते जगाला दाखवायचे होते. खणाचे कापड आणले, गणपती पेठेतल्या शिंप्याने माप घेऊन अर्धे काम केलेही होते. ते काम आम्ही थांबवले आहे. शिंप्याची मजुरी मी दिली. ती तुमच्याकडे मागत नाही.

मात्र सगळ्यात जास्त संताप झाला तो या महिन्यात. तुमच्या नव्या हंगामाच्या जाहिरातीत माझ्या मुलीचा सॅश (विजेतीचा पट्टा) घातलेला फोटो आहे, वर "सांगलीची आमची कन्या" असे लिहिले आहे आणि त्याखाली पुन्हा तीच तीन बोधचिन्हे आहेत. इस्लामपूर आणि तासगावच्या आयांचे मला फोन येत आहेत की तुमची मुलगी गेली ना, मग आम्हीही भरू का पैसे? आमची मुलगी कुठेही गेलेली नाही. तिच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून दुसऱ्या मुलींनी पैसे भरावेत, हे आम्हा दोघींनाही मुळीच मान्य नाही. पैशांपेक्षा आधी मला हे थांबलेले हवे आहे.

शिवाय तुमच्या करारात लिहिले आहे की तीन वर्षे ती दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेत भाग घेऊ शकणार नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय मॉडेलिंगचे काम घेऊ शकणार नाही. हा करार अंतिम फेरीच्या आदल्या रात्री समोर ठेवलात, वाचायला वेळ दिला नाहीत, सही केली नाहीस तर मंचावर येऊ नकोस असे सांगितलेत. तीन वर्षे तुम्हीही तिला कुठे पाठवणार नाही आणि तिने स्वतःही कुठे जायचे नाही, हे कसे चालेल? तुमच्या कार्यालयातून मला सांगण्यात आले की आता वयाची अट उठली आहे, घाई कशाला. वयाची वरची मर्यादा मिस युनिव्हर्सने २०२४ पासून काढली, हे खरे. पण त्या स्पर्धेला मुलगी पाठवण्याचा हक्क तुमच्याकडे आहे असे तुम्ही अजूनही लेखी दिलेले नाही, मग त्या सवलतीचा माझ्या मुलीला उपयोग काय?

"स्पर्धा ही सेवा नसते, त्यामुळे तुम्ही ग्राहक ठरत नाही", असेही एकदा फोनवर ऐकले. तुमच्या स्वतःच्या पावतीवर प्रशिक्षण सेवा असे लिहून जीएसटी लावलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते दिले आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ खाली अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. कलम ३४ मुळे मी राहते तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागता येते, त्यासाठी मुंबईला येण्याची गरज नाही. एकतर्फी कराराचा प्रश्न राज्य ग्राहक आयोगापुढे नेता येतो. मला कोर्टकचेरीची हौस नाही, माझी शाळा आहे आणि मुलीची परीक्षा जवळ आली आहे. पण वेळ आली तर जाईन.

तेव्हा हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुढील गोष्टी व्हाव्यात. माझ्या मुलीचा फोटो आणि नाव सर्व जाहिरातींतून काढावे. ५६,०५० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. तिला करारातून मोकळे केल्याचे पत्र कंपनीच्या शिक्क्यासह द्यावे. आणि नव्या हंगामासाठी एकाही मुलीकडून पैसे घेण्याआधी कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा कोणत्या वर्षाचा हक्क कंपनीकडे आहे, तिकिटाचा आणि प्रवेश शुल्काचा खर्च कोण करणार, हे जाहिरातीतच स्पष्ट लिहावे. हक्क नसेल तर बोधचिन्हे काढावीत. ही शेवटची मागणी माझ्या मुलीसाठी नाही, पण ती मी सोडणार नाही.

उत्तर लेखी द्यावे, मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल. मुलीला फोन करून समजावण्याचा प्रयत्न करू नये, तिच्यावर दडपण येते. बोलायचेच असेल तर शाळा सुटल्यावर, संध्याकाळी सहानंतर, अर्जावर पालक म्हणून दिलेल्या क्रमांकावर मला फोन करावा.

आपली विश्वासू,
एक पालक, विश्रामबाग, सांगली

सोबत : दोन्ही पावत्या, जाहिरातींचे स्क्रीनशॉट, कराराची प्रत, ईमेलच्या प्रती.