गोठ्यातल्या जनावरांच्या रक्ततपासणीसाठी मंडळाचे आवाहन

सर्व गोठेधारक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा आपलं मंडळ कसं उभं राहिलं, हे आरे-गोरेगावच्या तबेल्यांत कुणालाही विचारा. गायींना टोचायला शेळ्यांच्या देवीची लस आली, त्या दिवशी पेढेवाल्या काकांनी दुकानातला फ्रीज रिकामा करून दिला. बर्फवाल्या भाऊंनी पंधरा दिवस एक पैसा घेतला नाही. पलीकडच्या युनिटमधल्या आजी तर टोचणाऱ्या पोरांसाठी रोज पातेलंभर पोहे घेऊन यायच्या. ही माणसं मंडळ विसरणार नाही.

आता काम आयबीआरचं आहे, म्हणजे गुरांच्या नाका-श्वासनलिकेच्या, गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाचं. ते अवघड आहे, कारण बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या जनावरातही हा रोग लपलेला असतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गोठ्यात एका गायीच्या नाकपुड्या लालभडक झाल्या, नाकाला तारा लागल्या. सर्दी म्हणून गूळ-हळद दिली. ती सावरली, पण शेजारच्या खुंट्यावरच्या गाभणीने सातव्या महिन्यात गाभ टाकला. आयबीआर असाच असतो. बरं झालेलं जनावरही त्याचा हर्पिस विषाणू जन्मभर मज्जातंतूंत बाळगतं आणि प्रवासाचा किंवा वेताचा ताण पडला की पुन्हा पसरवतं. त्याचाच भाऊबंद सडांवर फोड आणतो. मग जनावर धार काढू देत नाही, दूध कासेत तुंबतं आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. रक्तातली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीरानं बनवलेली द्रव्यं) तपासल्याशिवाय हे वाहक सापडत नाहीत.

गेल्या वर्षी हीच विनंती घेऊन दारोदार फिरलो. "आमच्याकडे रोग नाही" म्हणून बऱ्याच जणांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. १८८६ पासून परळला गुरांचं कॉलेज असलेल्या शहरात हे ऐकून वाईट वाटलं. निकाल फक्त मालकाच्या हातात देऊ. आयबीआर माणसाला होत नाही, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल ही भीती नको.

प्रतिपिंडं शोधणाऱ्या एलायझा चाचणीच्या एका प्लेटला ९६ खळगे, त्यातले काही कंट्रोलला, म्हणजे चाचणी बरोबर चालली का हे पाहणाऱ्या नमुन्यांना जातात. जनावरं कमी आली तर बाकीचे वाया, म्हणून सगळ्यांनी यावं. किटसाठी वर्गणी, नळ्या, सुया, बर्फ, थर्माकोलचे खोके आणि जनावर धरायला चार गडी हवेत. सहा महिन्यांखालची वासरं आणू नका, चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं निकाल बिघडवतात. आयबीआरची लस टोचली असेल तर आधी सांगा. नमुने पहाटेच्या धारांनंतर. वर्गणी कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७, पितृपक्षाच्या आत, पावती घेऊनच.

आपला,
सचिव